आई दाराबाहेर का?



ज्या बाईंच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्या पेशानं शिक्षिका होत्या आणि पाल्हाळ त्यांना खपत नसे, असं या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला आवर्जून सांगितलं आहे. इशारा पोचला. विषयाकडेच येते.

मी नवजात बाळांची डॉक्टर. माझं काम ज्या खोलीत चालतं तिला फलकावर ‘नवजात अतिदक्षता विभाग’ म्हणतात, पण नांदेड-देगलूरकडून आलेली आजी म्हणते, “बाळ काचेच्या पेटीत ठेवलंय.” त्या खोलीला एक दार असतं. दारावर पाटी असते – आत येऊ नये. दाराच्या आत बाळ, दाराच्या बाहेर आई. ही रचना आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याबद्दल कोणी प्रश्नच विचारत नाही. आज मला तो विचारायचा आहे. आई दाराबाहेर का?

हा प्रश्न हैदराबादच्या कोठीत विचारण्याला थोडं औचित्यही आहे. आपण बसलो आहोत तिथून सुलतान बाजारचं सरकारी प्रसूती रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. उस्मानिया मेडिकल कॉलेज इथलंच. आणि रेड हिल्सला निलोफर रुग्णालय. मराठवाड्यातल्या किती घरांत ‘हैदराबादला न्या’ हे वाक्य अपरात्री उच्चारलं गेलं असेल, याचा हिशेब नाही.

आधी बाळाचं पाहू. नऊ महिने पाण्यात राहिलेला जीव एका क्षणात हवेत येतो. त्याला स्वतः श्वास घ्यायचा असतो, स्वतःची ऊब राखायची असते, स्वतः दूध ओढून गिळायचं असतं आणि जंतूंना तोंड द्यायचं असतं. पूर्ण दिवसांचं बाळ हे सगळं जमवून नेतं. अठ्ठाविसाव्या आठवड्यात आलेलं किलोभराचं बाळ यांतलं एकही धड करू शकत नाही. आमच्या विभागातली सगळी यंत्रं, सगळी औषधं, सगळी धावपळ या चार गोष्टींभोवती फिरते: श्वास, ऊब, दूध, जंतू. बाकी तपशील.

आपल्या पूर्वजांना यातलं शास्त्र ठाऊक नव्हतं, पण धोका कुठं आहे ते पक्कं ठाऊक होतं. पाचवीच्या रात्री पाटा-वरवंटा मांडायचा, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, सटवाई येऊन नशीब लिहून जाते म्हणायचं, आणि रात्रभर कोणीतरी बाळाजवळ जागायचं. बारसं बाराव्या दिवशी. तोवर नावसुद्धा नाही! आजही पहिल्या अठ्ठावीस दिवसांत दगावणाऱ्या बाळांपैकी जवळपास तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच जातात. सटवाईची तारीख आमच्या आकडेवारीशी जुळते.

आकडे काढलेच आहेत तर सांगून टाकते. २०२० सालच्या नमुना नोंदणी पाहणीनुसार देशात जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी वीस पहिल्या अठ्ठावीस दिवसांत दगावत होती. तेलंगणात पंधरा, महाराष्ट्रात अकरा आणि केरळात चार. एकाच देशात, एकाच वर्षी, वीस आणि चार. बाळं सगळीकडे सारखीच असतात. मग फरक कशात आहे?

उत्तर शोधायला दार उघडून आत चला, मी नेते. चप्पल बाहेर, हात कोपरापर्यंत धुवायचे, अंगठी-बांगडी-घड्याळ काढायचं. आत गरम वाटेल. खोली मुद्दाम तशी ठेवतात. वॉर्मरखाली बाळ आहे. पायाला पट्टी, तिच्यावर नाव नाही, ‘बेबी ऑफ’ आणि पुढं आईचं नाव. नाकात दोन बारीक नळ्या, त्यांचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं, आणि बाटलीत सारखे बुडबुडे. हा बबल सीपॅप. पाण्यात नळी पाच सेंटिमीटर बुडवली की तेवढा दाब फुप्फुसात राहतो आणि श्वास सोडल्यावर ती मिटत नाहीत. इतकं साधं. बुडबुडे थांबले की सिस्टर मान वर करते, मॉनिटरचा गजर वाजण्याआधीच. दर दोन तासांनी ती सिरिंजचा दट्ट्या काढते, नुसती पोकळ सिरिंज तोंडातल्या नळीला जोडते, तिच्यात दोन-तीन मिलिलीटर दूध ओतते आणि हात थोडा उंच धरून उभी राहते. दूध आपल्या वजनानं उतरतं. ढकलायचं नसतं. घाई असलेल्या माणसाचं हे काम नव्हे. आणि या बाळाच्या अंगातलं सगळं रक्त मिळून इराणी हॉटेलातल्या चहाच्या एका कपाएवढं असतं, त्यामुळे तपासणीसाठी एक मिलिलीटर काढायचं तरी आम्ही दोनदा विचार करतो.

ही खोली आली कुठून?

पॅरिसमध्ये स्तेफान तार्निए नावाचे प्रसूतितज्ज्ञ होते. प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवण्याची पेटी त्यांनी पाहिली आणि तशीच बाळांसाठी बनवून घेतली. साल १८८०. दोन किलोच्या आतल्या बाळांचा मृत्युदर सहासष्ट टक्क्यांवरून अडतीसवर आला, असं त्यांनी नोंदवलं. नुसत्या उबेनं! औषध नाही, ऑक्सिजन नाही. त्यांचे शिष्य पिएर ब्युदँ यांनी पेटीला काचा लावल्या, कारण आईला बाळ दिसलं पाहिजे. १९०० सालच्या आपल्या पुस्तकात त्यांनी लिहून ठेवलं की ज्या आया बाळापासून दूर ठेवल्या गेल्या, त्यांची बाळाबद्दलची ओढ हळूहळू कमी होत गेली. म्हणून आईला जवळ ठेवा, तिला पाजू द्या. म्हणजे या शास्त्राचा जवळजवळ पहिलाच ग्रंथ आईला आत घ्या म्हणतो.

ऐकलं कोणी? नाही. पुढं काय झालं ते विलक्षण आहे. मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थांनी या पेट्या अमेरिकेत जत्रेत मांडल्या. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर, पाळणे आणि खेळांच्या तंबूंशेजारी, १९०३ ते १९४३, चाळीस वर्षं. तिकीट पंचवीस सेंट. लोक रांगा लावून जिवंत बाळं बघायचे आणि त्या पैशावर बाळांचा खर्च निघायचा. आईबापांकडून दमडी घेतली जात नसे. हसू नका, त्यांनी हजारो बाळं वाचवली, आणि इस्पितळं तेव्हा त्यांना हात लावायला तयार नव्हती. पण रचना लक्षात घ्या. बाळ काचेआड, आणि काचेबाहेर सगळं गाव. त्या गर्दीत आई फार तर आणखी एक बघणारी.

मग इस्पितळांनी हे काम हाती घेतलं, तेव्हा जंतूंची भीती शिगेला पोचली होती. अँटिबायोटिक नव्हती. बाहेरचं माणूस म्हणजे घाण, आणि आई हे बाहेरचं माणूस. दार बंद झालं ते तेव्हा. कारण त्या काळी खोटंही नव्हतं. पण कारण गेलं तरी दार तसंच राहिलं. आपल्याकडे नियमांचं असं फार होतं.

यंत्रांबद्दल मी नाकं मुरडते आहे असं समजू नका. ऑगस्ट १९६३. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना मुलगा झाला, पॅट्रिक. साडेपाच आठवडे आधी, वजन दोन किलोच्या वर. आज आमच्याकडे अशा बाळाबद्दल आम्ही नातेवाइकांना म्हणतो, काळजी नको, होईल ठीक. ते बाळ एकोणचाळीस तास जगलं. जगातली सगळी सत्ता, सगळा पैसा उशाशी असताना. फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या मिटू न देणारा एक स्निग्ध थर कमी असतो म्हणून हे होतं, हे मेरी एलेन एव्हरी यांनी १९५९मध्येच दाखवलं होतं. पण तो थर, ते सर्फॅक्टंट, बाहेरून द्यायला १९८० उजाडावं लागलं. जपानच्या फुजिवारा यांनी ते करून दाखवलं. त्याशिवाय, सीपॅपशिवाय, व्हेंटिलेटरशिवाय मी एक दिवस काम करू शकणार नाही.

तरी एक गंमत पाहा. बाळाच्या फुप्फुसासाठीचं सगळ्यात स्वस्त औषध कोणतं? वेळेआधी कळा सुरू झालेल्या बाईला द्यायचं स्टेरॉइडचं इंजेक्शन. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२मध्ये ते सिद्ध केलं. बाळ जन्मायच्या आधी, आईच्या दंडात. जन्मल्यानंतर हजारो रुपयांचं सर्फॅक्टंट. जन्मण्याआधी, आईमार्फत, अगदी किरकोळ खर्चाचं इंजेक्शन. चार प्रश्नांतला पहिला प्रश्न श्वासाचा, आणि त्याच्या उत्तरातही आई आहेच.

दुसरा दुधाचा. इथं मला मुंबईला जायला हवं. शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय, म्हणजे सायन हॉस्पिटल. धारावीच्या अंगाला लागून. तिथल्या नवजात विभागाच्या डॉक्टर आर्मिडा फर्नांडिस. बाळं जंतुसंसर्गानं जात होती. पैसे नव्हते, माणसं नव्हती. त्यांनी बाटल्या आणि डब्याचं दूध बंद केलं, आणि आयांना बाळांच्या सेवेत आत घेतलं. ज्यांना दूध येत नव्हतं त्यांच्या बाळांसाठी दुसऱ्या आयांचं जादा दूध घ्यायला सुरुवात झाली, आणि १९८९मध्ये तिथं मातृदुग्धपेढी उभी राहिली. देशातली पहिली; आशियातलीही पहिली म्हणतात. लक्षात घ्या, ती पंचतारांकित इस्पितळात झाली नाही. महापालिकेच्या, खाटेला खाट लागलेल्या वॉर्डात झाली. आपल्या निलोफरमध्ये २०१७ साली ‘धात्री’ नावाची पेढी सुरू झाली ती याच परंपरेतली. दूध देणाऱ्या बाईची तपासणी होते, दूध तापवून निर्जंतुक करतात, गोठवून ठेवतात, आणि ते सगळ्यात लहान बाळांना मिळतं.

यात एक आडवाट घेते. आपण मराठी माणसं खरवसासाठी जीव टाकतो. गाय-म्हैस व्याली की गवळ्याकडे वशिला लावून चीक आणतो, गूळ-वेलदोडा घालून वड्या पाडतो. आणि त्याच घरात सून बाळंत झाली की तिचा पहिला पिवळा चीक जड असतो, बाधतो, म्हणून पिळून टाकून देतो, आणि बाळाला मध चाटवतो! वासराचा वाटा आपण खायचा आणि आपल्या बाळाचा वाटा मोरीत. वेळेआधी आलेल्या बाळाला त्या चिकाचे दोन थेंब गालात नुसते लावले तरी ते आम्हाला हवे असतात. जंतूंशी लढायची पहिली शिबंदी त्यात आहे. मधाची बाटली घेऊन दाराशी आलेल्या आजीला हे समजावताना मला भाषेची अडचण कधी आली नाही. ‘आजी, खरवस’ एवढंच म्हणते. पटतं.

तिसरा प्रश्न उबेचा. कोलंबियातलं बोगोटा शहर, १९७८-७९. एदगार रेय सानाब्रिया आणि एक्तोर मार्तीनेस या दोन डॉक्टरांकडे पेट्या कमी आणि बाळं जास्त. एकेका पेटीत दोन-दोन, तीन-तीन. त्यांनी बाळं आयांच्या छातीवर बांधली. कांगारू पद्धत म्हणतात ती हीच. सुरुवातीला सगळ्या जगानं तिला गरिबांची तडजोड म्हटलं. पेटी परवडत नाही, म्हणून छाती. आणि बाळ ‘स्थिर’ झाल्यावरच ते करायचं, तोवर पेटीतच, असा दंडक पडला.

हा दंडक मोडला तो २०२१मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत एक मोठा प्रयोग केला: भारत, घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया. आपल्याकडचं केंद्र दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय. किलो ते एक किलो आठशेच्या आतली तीन हजारांवर बाळं. निम्म्यांना नेहमीची पद्धत, म्हणजे आधी अतिदक्षता, मग कांगारू. उरलेल्या निम्म्यांना जन्मल्यापासून साधारण तासा-दीड तासातच आईच्या छातीवर. अस्थिर असतानाच, सीपॅपसकट. त्यासाठी आईची खाट अतिदक्षता विभागाच्या आत आणली. तिथं बाळाची आणि बाळंतिणीची देखभाल एकाच खोलीत. निकाल? नेहमीच्या पद्धतीत पंधरा पूर्णांक सात टक्के बाळं गेली, आईजवळच्यांत बारा टक्के. चौथा हिस्सा मृत्यू कमी. फायदा इतका उघड झाला की प्रयोग मुदतीआधीच थांबवला, कारण उरलेल्या बाळांना आईपासून दूर ठेवणं आता न्यायाचं नव्हतं.

कोणत्या नव्या औषधानं असा फरक पडला असता तर ती कंपनी आज आभाळाला टेकली असती. इथं विकायला काही नाही, म्हणून जाहिरात नाही.

हे दिसतं कसं, ते सांगते. बाळाला टोपी, मोजे, लंगोट, बाकी उघडं. आईच्या दोन स्तनांच्या मध्ये उभं, पाय बेडकासारखे फाकलेले, मान एका बाजूला कललेली, वरून ताणून बांधलेलं फडकं. पहिली काही मिनिटं आई दगडासारखी ताठ असते, श्वास घ्यायलाही घाबरते. वायर निघेल, नळी हलेल. मग सिस्टर तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणते, “टेकून बसा, ते कुठं जात नाही.” हळूहळू दोघांचे श्वास एका लयीत येतात. मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा, जो सकाळपासून वरखाली नाचत असतो, तो एका जागी बसतो. मी हे किती वेळा पाहिलं असेल, तरी दर वेळी आधी त्या आकड्याकडे बघते.

आणि चौथा प्रश्न, जंतूंचा. ज्याच्या भीतीनं आईला बाहेर काढलं, तोच. आज आमच्या विभागांत बाळं मरतात ती आईच्या अंगावरच्या जंतूंनी फारशी नाही. क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर – हे इस्पितळाचे रहिवासी, आमच्या नळ्यांवर, सिंकवर, आमच्या हातांवर वाढलेले, अर्ध्याअधिक औषधांना दाद न देणारे. दिल्लीच्या तीन रुग्णालयांतल्या नवजात बाळांच्या मोठ्या पाहणीतून हे स्पष्ट दिसलं. आईच्या त्वचेवरचे साधे जंतू बाळाच्या अंगावर आधी वस्तीला आले तर या गुंडांना जागा कमी मिळते. म्हणजे पहारेकऱ्यानं घरधनिणीला हाकलून चोराला कोठीघराची किल्ली दिली.

श्वास, दूध, ऊब, जंतू. चारही ठिकाणी उत्तरात आई आहे. मग पुन्हा विचारते, ती बाहेर का?

निलोफरची गोष्ट इथं बऱ्याच जणांना माहीत आहे. तुर्कस्तानच्या राजघराण्यातली राजकन्या, सातव्या निजामाच्या धाकट्या मुलाची बायको. तिला स्वतःला मूल नव्हतं. १९४९ साली तिची आवडती दासी रफतउन्निसा बाळंतपणात गेली, आणि त्या दुःखातून १९५३मध्ये हे इस्पितळ उभं राहिलं. मला या कथेतलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की मुलांच्या या दवाखान्याच्या मुळाशी एका आईचा मृत्यू आहे.

आज आपल्या शहरात येणाऱ्या गाडीत काय दिसतं? नांदेडहून, मुखेडहून, उदगीरहून ॲम्ब्युलन्स येते. आत बाप, आजी, ऑक्सिजनचा सिलिंडर आणि टॉवेलात गुंडाळलेलं बाळ. पाय गार. आई कुठं आहे? “ती तिकडंच आहे मॅडम, सिझेरियन झालंय, टाके ओले आहेत.” पावणेतीनशे किलोमीटर मागं. मग दूध कुणाचं? छाती कुणाची? बाप कॉरिडॉरमध्ये फायलीची प्लॅस्टिकची पिशवी घेऊन उभा, रात्री काचिगुड्याला फलाटावर नाहीतर इमलीबनच्या बसस्टँडवर पथारी. अशा बाळाला आम्ही उत्तम वॉर्मर देतो आणि निम्मे उपचार नांदेडलाच राहिलेले असतात. धोक्याचं बाळंतपण दिसत असेल तर पोटातलं बाळ पोटातच असताना मोठ्या दवाखान्यात हलवा. त्याहून चांगली वाहतूक अजून कोणी शोधलेली नाही. आणि ते जमलं नाही तर आईला त्याच गाडीत घाला.

मुळात इतक्या लांब यावं का लागतं? ऑक्टोबर २०२३ आठवा. नांदेडच्या शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू, त्यांत बारा नवजात बाळं. चार दिवस वाहिन्यांनी आरडाओरडा केला, पुढाऱ्यांच्या भेटी झाल्या, मग शांतता. आजूबाजूच्या जिल्ह्यांतलं प्रत्येक अवघड बाळ शेवटच्या घटकेला एकाच दारात येऊन पडत असेल, तर त्या दाराआडच्यांना दोष देऊन भागतं का? पाणी वरच्या अंगाला अडवायला हवं.

वरच्या अंगाचं काम कसं असतं ते गडचिरोलीनं दाखवलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९९५पासून एकोणचाळीस गावांत गावातल्याच बायका तयार केल्या. बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचे, उबेची पिशवी द्यायची, पाजायला बसवायचं आणि संसर्गाची लक्षणं दिसली तर अँटिबायोटिक द्यायचं, इंजेक्शनसुद्धा. शहरात खळबळ उडाली. चार यत्ता शिकलेली बाई सुई टोचणार? तिसऱ्या वर्षी शेजारच्या गावांच्या तुलनेत नवजात मृत्यू बासष्ट टक्क्यांनी कमी होते. १९९९मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि २०११पासून देशभरच्या आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात, ते याच कामाचं फळ. गडचिरोलीत आई दाराबाहेर नव्हती, कारण दार तिच्याच घराचं होतं.

आता इथं मला एका गोष्टीची धास्ती वाटते. आईच सगळं करते असं म्हटलं की सरकारी फायलीवर पुढचा शेरा तयारच असतो: मग सिस्टरची पदं कशाला? नाही! आई म्हणजे फुकटची नर्स नव्हे. तिचे टाके ओले आहेत, तिचं रक्त गेलं आहे, तिला ताप येऊ शकतो. तिला आत घ्यायचं तर तिला खाट हवी, टेकायला उशी हवी, दोन वेळचं गरम जेवण हवं, स्वच्छ संडास हवा, आणि तिच्यावर लक्ष ठेवायला आणखी एक सिस्टर हवी. म्हणजे माणसं वाढवावी लागतात. विशेष नवजात कक्षात एका पाळीत तीन-चार बाळांमागे एक परिचारिका असावी. तुम्ही कधी कुठल्या कक्षाच्या काचेतून आत पाहिलंत तर डोकी मोजा. बाळांची नको, सिस्टरांची. नव्या वॉर्मरचं उद्घाटन होतं, फीत कापली जाते. भरलेल्या पदाची फीत कापताना कुणाला पाहिलंय?

भंडाऱ्याला ९ जानेवारी २०२१च्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागली. सतरा बाळं होती, दहा गेली. झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयात १५ नोव्हेंबर २०२४च्या रात्री तेच. बाहेरच्या माणसांनी खिडक्यांच्या काचा फोडून बाळं काढली. चौकशा झाल्या, वायरिंग तपासलं, अग्निशमनाच्या बाटल्यांच्या तारखा बघितल्या. सगळं आवश्यकच. पण आपल्या आज्या पाचवीच्या रात्री बाळाजवळ जागतं माणूस ठेवत. मध्यरात्रीनंतर अशा खोलीत जागती माणसं किती असतात, हा प्रश्न वायरिंगच्या आधीचा आहे.

वेळ होत आली, पण डोळ्यांबद्दल बोलल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. ज्या ऑक्सिजननं बाळ वाचतं, तोच जास्त झाला तर डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात आणि बाळ कायमचं आंधळं होऊ शकतं. १९४०च्या दशकात श्रीमंत देशांत अशी बाळं हजारोंनी आंधळी झाली. आपल्याकडे लहान बाळं जगायला लागली तसा हा आजार आला. याच शहरात एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेच्या डॉ. सुभद्रा जलाली नव्वदीच्या दशकाच्या अखेरीपासून नवजात विभागांत स्वतः जाऊन डोळे तपासू लागल्या. ‘तीस दिन रोशनी के’ ही घोषणा त्यांचीच. चौतीस आठवड्यांआधी किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे डोळे तिसाव्या दिवसाच्या आत तपासून घ्यायचे. वेळेत सापडलं तर लेसरनं दृष्टी वाचते. दोन महिन्यांनी आलात तर बहुधा नाही. हे सुटीच्या कागदावर लिहिलेलं असतं, बारीक इंग्रजी अक्षरात. म्हणून ते आईला, तोंडी, तिच्या भाषेत सांगावं लागतं. आणि ती आत असेल तरच ते सांगता येतं.

आणि ही बाळं पुढं कशी वाढतात? पुण्याच्या केईएम रुग्णालयात १९८७ ते ८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोच्या आतल्या बाळांचा डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अठरा वर्षांपर्यंत मागोवा घेतला. भारतात इतकी चिकाटी दुर्मीळ. बहुतेक मुलं शाळेत गेली, शिकली, काही अभ्यासात मागं पडली. आणि मुलाच्या बुद्धीशी ठळकपणे जोडलेली एक गोष्ट सापडली ती कुठल्या यंत्राची नव्हती, आईच्या शिक्षणाची होती. या सभागृहात विवेकवर्धिनी शिक्षणसंस्थेच्या किती माजी विद्यार्थिनी बसल्या आहेत ते मला दिसतं आहे. तुम्हाला याहून जास्त सांगायला नको.

तेव्हा उद्या तुमच्या घरातलं, शेजारचं, तुमच्या मोलकरणीचं बाळ काचेत असेल, तर डॉक्टरांना हे विचारा: आईला आत कधी घेणार? तिचं दूध बाळाला मिळतंय का? छातीवर कधी देणार? डोळ्यांची तारीख कोणती? ‘अजून स्थिर नाही’ असं उत्तर आलं तर सफदरजंगचं नाव घ्या, आवाज न चढवता. आम्हा डॉक्टरांना नम्रपणे विचारलेल्या नेमक्या प्रश्नाची फार भीती वाटते.

आई आजारी असेल तर? मघाशी चहाच्या वेळी एका काकांनी हे विचारलं, म्हणून सांगते. बाप चालतो, मावशी चालते, आजी तर उत्तम. आंघोळ केलेल्या, निरोगी, विडी-तंबाखूपासून लांब असलेल्या कोणाचीही छाती बाळाला चालते. त्यावर काकांनी हळूच विचारलं, आजोबा? आजोबाही चालतात. फक्त त्या दिवशी छातीला बाम चोळू नका.